एक बोट जागा

टाकेवालीने मास्तरांचे बोट धरले आणि टेबलावरच्या कापडी पक्ष्याच्या पाठीवर बांधलेल्या छोट्या यंत्राखाली सारले. बोट आत गेले नाही. नखापाशीच अडकले.

“ही पट्टी कोणी शिवली?” मास्तरांनी विचारले.

“मी. आत्ताच. तुमच्या नियमाने, एक बोट जागा ठेवून.” तिने स्वतःची तर्जनी यंत्राखाली घातली. ती सहज गेली. “बघा. माझं जातं, तुमचं जात नाही.”

मास्तरांची बोटे जाडजूड होती, चाळीस वर्षे दोर धरून झाडांवर चढलेल्या माणसाची. तिची सडपातळ, सुईला शोभणारी. तीन वर्षे दोघे एकाच टेबलावर काम करत होते, एकाच डब्यातला सुपारीएवढा मेणाचा गोळा दोऱ्याला लावत होते, आणि हा फरक कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. समोर भिंतीवर मास्तरांच्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता. यंत्र आणि पाठ यांत एक बोट जागा. कुणाचे बोट, ते लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती.

“मग?”

“मग काय मास्तर. पाच नंबर गेलं ते माझ्यामुळे. पिल्लाची छाती भरत गेली आणि माझी पट्टी काचली.”

मास्तरांनी बोट चोळले आणि थरथरणारा उजवा हात खिशात घातला.

तळ्याकाठच्या उंच वाळक्या झाडावर दरवर्षी मासेमार घारींची जोडी घरटे करते. पिल्ले उडायच्या बेताला आली की त्यांना खाली आणायचे, पाठीवर उपग्रहाशी बोलणारे छोटे यंत्र बांधायचे आणि पुन्हा घरट्यात ठेवायचे, हे मास्तरांचे काम. यंत्राच्या चार पट्ट्या छातीवर एकत्र येतात आणि तिथे साध्या सुती दोऱ्याने टाके घालतात. सुती अशासाठी, की काही वर्षांनी दोरा कुजावा आणि पाठीवरचे ओझे आपोआप गळून पडावे. गल्लीतल्या दुकानात कपडे लहानमोठे करून देणाऱ्या या बाईकडे मास्तर पहिल्यांदा पट्ट्या घेऊन आले, तेव्हा हे ऐकून ती खूप हसली होती. उभा जन्म टिकावे म्हणून शिवले, आता तुटावे म्हणून शिवायचे. पण ते काम तिला असे काही लागले की दुकान दुपारपर्यंतच उघडे राहू लागले. ‘टाकेवाली’ हे नाव मास्तरांनीच पाडले.

यंदा घरट्यात दोन पिल्ले होती. एकाचे टाके मास्तरांनी घातले. दुसऱ्याच्या वेळी त्यांचा हात इतका हलू लागला की त्यांनी सुई तिच्या हातात दिली. जिवंत पाखरावरचे तिचे पहिले टाके. ती घामाने निथळली होती आणि पिल्लू मात्र डोळ्यांवर टोपी घालून गुपचूप पडून होते. रजिस्टरमध्ये नोंद झाली. यंत्र चार, मास्तर. यंत्र पाच, टाकेवाली.

पावसाळा सरल्यावर दोन्ही पिल्ले दक्षिणेला गेली. आईबापांनी वाट दाखवली नव्हती. ती आपापली, वेगवेगळ्या दिवशी निघाली होती. पडद्यावरच्या नकाशावर दोन ठिपके डोंगर ओलांडताना, समुद्रावरून जाताना दिसत. मग एका परक्या नदीच्या मुखापाशी पाच नंबरचा ठिपका थांबला. चार दिवस एकाच जागी. मग बंद. या कामात याचा अर्थ एकच असतो, आणि तो सांगावा लागत नाही.

आज एकोणीस दिवस झाले होते. शुक्रवारी पाखरे हाताळायचे परवाने देणाऱ्या समितीची बैठक होती. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“अर्ज. माझा परवाना परत घ्या. टाके मी घातले, असंही समितीला लिहा.”

“पिल्लू मेलंय असं अजून कुणी सांगितलेलं नाही.”

“ठिपक्यानं सांगितलंय.”

घरी तिचा नवरा, बस चालवणारा माणूस, कामावरून येऊन पाय टेकतो न टेकतो तोच फोनवर नकाशा उघडून बसला होता. पिल्लांचे अंतर तो आपल्या फेऱ्यांत मोजत असे. सबंध दिवसात माझ्या सात फेऱ्या उडालं, म्हणून तो डेपोत बढाया मारायचा. आता तो फक्त चार नंबर बघत होता आणि बायकोला पडदा दिसणार नाही असा फोन धरत होता.

“जेवलीस का?”

“भूक नाही.”

“तू अठरा वर्षं माझ्या पँटी घट्ट शिवतेयस. मी मेलो का?”

तिला हसू आले आणि लगेच रडूही आले. त्याने फोन पालथा ठेवला.

“तुला उडायला लागत नाही,” ती म्हणाली. “त्याला लागत होतं रे. आणि ते मला सांगणार कसं, की काचतंय म्हणून?”

त्याने दोघांचे ताट वाढले आणि तिच्या शेजारी बसून राहिला.

गुरुवारी सकाळी ती टेबल आवरायला म्हणून तळ्यावरच्या खोलीत गेली, तेव्हा मास्तर पडद्याला नाक लावून बसले होते.

“ये इकडे. तू वाच. माझा चष्मा नेमका आज घरी राहिलाय.”

यंत्रावर छापलेल्या पत्त्यावर निरोप आला होता. नदीच्या मुखापाशी राहणाऱ्या एका मासेमाराच्या बायकोने कुणाकडून तरी भाषांतर करून घेऊन पाठवलेला. टाकेवालीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“माझ्या नवऱ्याला तुमचा पक्षी पाण्यात फडफडताना सापडला. पंखाचं टोक पट्टीत अडकलं होतं. पट्टी ढिली होती, असं तो म्हणतो. त्यानं दोरा कापला. आम्ही पक्ष्याला एक रात्र टोपलीत ठेवलं, दोन मासे दिले. सकाळी तो उडाला. वस्तू खिडकीत ठेवली होती, नंतर पत्र्याच्या डब्यात ठेवली. दोरा कापल्याबद्दल रागावू नका.”

तिचा आवाज ‘उडाला’पाशीच फुटला होता. बाकीचे तिने कसेबसे पुरे केले आणि पदराने तोंड दाबून धरले. मास्तरांनी खुर्ची तिच्याकडे ढकलली.

मग तिचे लक्ष निरोपाखालच्या फोटोकडे गेले. खरखरीत तळव्यावर यंत्र पालथे ठेवलेले, त्यावरचा पाचचा आकडा स्पष्ट. बाजूला पट्ट्या. दोरा मधोमध कापला होता, पण एका कडेचे टाके शाबूत होते. एक लांब, एक आखूड, एक तिरका जाऊन पट्टीबाहेर पडलेला. दुकानात आलेला कपडा कुणाच्या हातचा आहे, हे ती उसवण्याआधी सांगू शकत असे. तिने फोटो पटकन सरकवला.

“काय झालं?” मास्तर म्हणाले. “पुन्हा आण तो. मोठा कर.”

“नीट दिसत नाहीये त्यात.”

“मोठा कर गं.”

तिने मोठा केला. मास्तर पुढे वाकले आणि मग हळूच मागे टेकले.

“कुणाचे टाके आहेत?”

“माझेच,” ती म्हणाली. “पाच नंबर. रजिस्टरात आहे की.”

“रजिस्टरात यंत्रांचे आकडे मी आदल्या दिवशीच ओळीनं लिहून ठेवले होते, नावं नंतर भरली. यंत्रं टॉवेलवर शेजारी-शेजारी होती. माझ्या हाताला आलं ते मी उचललं असणार. एकदा पाठीवर बांधल्यावर खालचा आकडा कोण बघतंय.” ते थांबले. “आणि तू इतकं वाईट कधी शिवलंस?”

तिने मान खाली घातली. “घाईत...”

“खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल.”

मास्तरांनी खिशातला हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. टेबलावरचा सुयांचा डबा बारीक वाजू लागला. त्यांनी तो वाजू दिला. याआधी त्यांच्या किती पिल्लांचे ठिपके थांबले होते, हे ते मनात मोजत असावेत. तिला ते पाहवेना. ती उठून पाणी घेऊन आली. ते त्यांनी घेतले नाही.

“म्हणजे ते चार नंबर तुझं,” ते अखेर म्हणाले.

नकाशावर चारचा ठिपका दक्षिणेला एका मोठ्या तळ्याच्या काठाकाठाने फिरत होता. सकाळपासून तीनदा जागा बदलली होती. आणि कुठेतरी ते दुसरे, आता कुठल्याही नकाशावर नसलेले.

मास्तरांनी तिचा अर्ज ओढून घेतला, उलगडला आणि उलटा केला.

“बोट ठेव इथं.”

तिने कोऱ्या बाजूवर तर्जनी टेकवली. मास्तर पेन्सिलीने बोटाच्या कडेने रेघ ओढू लागले. रेघ पहिल्याच पेरापाशी भरकटली. त्यांनी ती खोडली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

“मनगट धर माझं,” ते म्हणाले.

तिने दुसऱ्या हाताने त्यांचे मनगट धरले. आता रेघ जवळपास सरळ गेली, नखावरून वळली आणि खाली आली.

“रुंदी मोजून आत लिही. आणि भिंतीवरचा कागद काढून हा लाव.”

“मास्तर, मागे माझा अर्ज आहे.”

“असू दे की,” ते म्हणाले. “तो भिंतीला वाचू दे.”