सूर्याच्या भरवशावरचं घर

मास्तरांना एक खोड होती. कुणी नुसतं "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, तरी ते घरातली ऊब कुठून येते आणि कुठून निसटते यावर सुरू व्हायचे. सगळी नोकरी कॉलेजात हेच शिकवण्यात गेली, आणि तीही भाड्याच्या, गळक्या, गारठलेल्या घरात राहून. आपण किती हास्यास्पद आहोत हे त्यांचं त्यांना कळत होतं. म्हणून निवृत्त झाल्याझाल्या त्यांनी डोंगरातल्या एका खेड्यात जागा घेतली आणि मातीचं घर बांधायला काढलं.

"सूर्यच घर तापवेल," ते बायकोला म्हणाले. "लाकूड जाळायला नको, वीज नको."

"अहो, मी एक हिवाळा बघेन," ती म्हणाली. "गुडघे ठणकले की मी परत. मग तुम्ही बसा तुमच्या सूर्याला कवटाळून."

मास्तर हसले, पण ते वरवरच. ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. तिच्याशिवाय म्हातारपण काढायचं म्हणजे... छे! तो विचारच नको. ती शहरातच राहिली आणि मास्तर एकटे वर आले.

उन्हाळाभर काम चाललं. भिंती हातभर जाडीच्या, मातीत भुसा कालवून रचलेल्या. चिखल तुडवायला मास्तर स्वतः उतरले आणि पहिल्याच फेरीला सपशेल आडवे झाले. गावाला फुकटची करमणूक मिळाली. दक्षिणेची भिंत मात्र जमिनीपासून छपरापर्यंत सगळी काचेची. मास्तर गळ्यात होकायंत्र अडकवून फिरायचे आणि मिस्त्रीला रोज एक व्याख्यान द्यायचे. मिस्त्री थापी हातात धरून आ वासून ऐकायचा. असा विद्यार्थी कॉलेजात कधी मिळाला नव्हता.

थंडी सुरू झाली. एका सकाळी मास्तर काचेसमोर खुर्ची टाकून, नुसत्या बनियनवर, सूर्याची वाट बघत बसले. वाट बघता बघता शाल घेतली. मग कानटोपी. मग घोंगडी. समोरच्या डोंगराची कड सोन्यासारखी उजळली, उजेड त्या कडेमागून सरकत सरकत पलीकडे गेला आणि मावळला. काचेवर उन्हाचा एक कवडसा पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडायचा होता घरात, पडला डोक्यात! हिवाळ्यात सूर्य किती खाली उतरतो याचं गणित त्यांनी अचूक केलं होतं. पण जन्मभर ते फळ्यावर केलं होतं, आणि फळ्यावर क्षितिज म्हणजे खडूची सरळ रेघ असते. इथे त्या रेघेच्या जागी अख्खा डोंगर उभा होता. उन्हाळाभर त्याच्याकडे बघून "वा, काय देखावा आहे!" म्हणणारे हेच महाशय.

"शाब्बास रे गाढवा," मास्तर स्वतःला मोठ्याने म्हणाले.

ते तरातरा मिस्त्रीकडे गेले. "हिवाळ्यात इथे ऊनच येत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की! लहानपणापासून बघतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुमच्या काचेचं तेच तर विशेष! डोंगराआडचं ऊनसुद्धा खेचून आणते." मिस्त्रीने खिन्नपणे मागे बोट दाखवलं. त्यानेही आपल्या घराची भिंत पाडून तश्शीच काच लावली होती, आणि आत त्याची बायको दोन स्वेटर घालून धुमसत होती. "आता तुम्हीच समजवा हिला, मास्तर."

मास्तरांनी काढता पाय घेतला.

बायको दुसऱ्याच दिवशी येणार होती. मास्तरांनी भल्या पहाटे बेकरीवाल्याचे पाय धरले, त्याच्या भट्टीत विटा तापवल्या, हातगाडीने घरी आणल्या आणि पोत्यात गुंडाळून कोचाखाली सरकवल्या. टेम्पो आला. ती उतरली, आत आली, कोचावर टेकली.

"अगंबाई, छान ऊब आहे!"

"सूर्य," मास्तर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

तिने वाकून खाली बघितलं. एक पोतं ओढलं. "सूर्य विटाही पाठवतो वाटतं?"

मास्तरांचं उसनं अवसान गळून पडलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं, फळ्यापासून बेकरीपर्यंत. शेवटी म्हणाले, "मला भीती वाटली गं, तू निघून जाशील. पण तुझ्या गुडघ्यांना हे सोसायचं नाही. टेम्पो अजून उभा आहे. तू आपल्या घरी परत जा."

"कुठल्या घरी?" ती म्हणाली. "घर सोडून आले मी. मालकाच्या हातात किल्ली ठेवली."

"अगं, पण तुझी अट?"

"अट घातली नसती तर तुमचं घर तरी पुरं झालं असतं का? लग्नात घ्यायचं ठरलेलं कपाट अजून यायचंय."

इतके दिवस ज्या भीतीने मास्तरांची झोप उडाली होती, तिचा पत्ताच नव्हता. आता दोघंही अडकले होते, आणि घर तर बर्फासारखं गार.

ती उठली आणि सगळ्या भिंतींना हात लावत घरभर हिंडली. मागच्या अंगाला, घरामागच्या टेकडीच्या पोटात खणलेली अडगळीची खोली होती, खिडकी नसलेली. मास्तरांनी त्या खोलीकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. ती आत जाऊन उभी राहिली. "इथे वारा लागत नाही," ती म्हणाली. "गाद्या इकडे आणा. तुमच्या त्या दिवाणखान्यात कपडे वाळत घालू."

"ऊन नसताना वाळायचे नाहीत गं."

"अहो, वाळतील सावकाश. आपल्याला कुठे जायचंय?"

दोन गाद्या टाकल्यावर त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मास्तर एका गादीवर बसले, ती दुसरीवर, आणि दोघांचे गुडघे एकमेकांना लागले. तिने आपली शाल दोघांच्याही गुडघ्यांवर पसरली. मास्तरांना हसू आलं, मग एकदम रडू आलं, आणि ते म्हणाले, "आता ठणकतायत का?"

"ठणकणारच," ती म्हणाली. "सरका जरा जवळ."