बिनदाराचं घर

सत्यवान मेस्त्रीने रंधा थांबवला, पात्यात अडकलेली सागाची सालपटं बोटाने काढली आणि रंधा पिशवीत टाकला. मग पटाशी, मग हातोडी. करवत त्याने गोणपाटात गुंडाळली. अजून सकाळची पेजसुद्धा झाली नव्हती.

बस्त्याव फर्नांडिस पायरीवर उभा राहून बघत होता. नव्या घराचं पुढचं दार मधल्या खोलीत दोन ठोकळ्यांवर आडवं पडलं होतं. बिजागऱ्या बसवायच्या होत्या, कडी बसवायची होती.

"खंय चललंस?"

"घराक."

"आनी दार?"

मेस्त्रीने खाडीच्या बाजूला मान वळवली. "बंदरवाड्यार देवी इली. तुळसाचो घोव शिमग्याक मुंबयसून इलो, तो ताप घेवनच. गेल्या आठवड्यात गेलो तो. आता ती आनी तिचा चेडू." त्याने पिशवी खांद्याला लावली. "माझी पोरां ल्हान आसत, बस्त्याव."

कुंपणाच्या बाहेर पडल्यावर तो जवळजवळ पळतच गेला.

बस्त्यावने दारावरून हात फिरवला. तीस वर्षं तो मुंबईच्या गोदीत फिटर होता. राहायला गावच्या किरिस्तावांची सामाईक खोली. तिथं प्रत्येकाच्या वाट्याला एक पेटी आणि पेटीएवढी जमीन. दर उन्हाळ्यात तो आरोंद्याला यायचा आणि चिऱ्याचे चार थर चढवून परत जायचा. गेल्या वर्षी निवृत्त होऊन आला तेव्हा मंगळुरी कौलं चढली. पुढच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीत त्याने आल्तारासाठी, देवाच्या वेदीसाठी, कमानीचा कोनाडा ठेवला होता. इस्टरनंतरच्या दुसऱ्या आयतारी सावंतवाडीहून पाद्रीबाब येऊन घराला आशीर्वाद देणार होते, आणि वाडीतली सगळी, हिंदू-किरिस्ताव, जेवायला येणार होती. तोवर नवराबायको शेजारच्या जुन्या, झावळ्यांच्या घरातच राहत होती.

तिथं चुलीपाशी कार्मेलीन मडक्यात पेज ओतत होती.

"कोणाक ती?"

"तुळसाक. वाड्यातल्यांनी तिका आनी तिच्या कावेरीक माडांपलीकडच्या मांगरात नेवन घातल्यानी. पाणी द्येवक पण कोण नाय."

"तुका कोणी सांगल्यान थंय जावक?"

"माका ल्हानपणी देवी येवन गेली. परत येवची नाय." तिने मडक्यावर करवंटी झाकली. तिचा चेहरा चिऱ्यासारखा बारीक खड्ड्यांनी भरलेला होता. लग्न ठरताना त्यावरून पुष्कळ बोलणी झाली होती.

"माका येवक नाय ती."

"म्हणान तुमी येव नकात," ती म्हणाली आणि गेली.

दोन दिवस ती जात-येत राहिली. आल्यावर अंगणातच राखेने हात कोपरापर्यंत घासायची, लुगडं उकळत्या पाण्यात टाकायची. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी मात्र ती हात धुऊन तिथंच उभी राहिली.

"मांगराचा छप्पर अर्धा पडलासा. दिवसभर त्येंच्या अंगार ऊन. आपली पुढली खोली रिकामी आसा."

बस्त्याव बिजागऱ्यांना तेल लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"ती आल्ताराची खोली."

"व्हय. म्हणानच विचारलंय."

"तीस वर्सां मी पेटयेर झोपलंय, कार्मेलीन."

"माका ठावक आसा. मी हय एकटी झोपलंय."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"आल्ताराक जागा केलात," ती म्हणाली. "पण देव येतलो तो पाद्रीबाबाच्याच वांगडा येतलो, असां कोणी सांगल्यान तुमका?"

त्याने बिजागरी पुन्हा पुसायला घेतली. तिने आतून आपली चटई आणली, काखेत मारली आणि माडांच्या दिशेने चालू लागली. त्या दिवसापासून ती मांगराच्या त्या पडक्या खोपटातच राहिली.

इस्टरचा दिवस आला आणि गेला. बस्त्याव चर्चमध्ये मिस्साला गेला नाही. गेला असता तरी बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसलं नसतं, हे त्याला माहीत होतं. वाडीत दारोदार कडुलिंबाचे टाळे लागले होते. कुठल्याच घरातून फोडणीचा वास येत नव्हता. खाडीत होड्या उलथ्या पडून होत्या, आणि पलीकडच्या काठावर पोर्तुगिजांच्या चौकीतले शिपाई दुर्बीण लावून अलीकडे बघायचे. सरहद्द तशी बंदच होती. आता या बाजूची होडी दिसली तर गोळी घालू, असं त्यांनी ओरडून सांगितलं होतं. दुपारी कुत्री भुंकायची, आणि एकाएकी सगळी मिळून गप्प व्हायची.

सोमवारी भाई गावकर आला. तो कुंपणाच्या आत आला नाही. गावातला मोठा माणूस, बस्त्यावच्या बरोबरीचा. लहानपणी दोघं एकत्र खेकडे धरायचे.

"बस्त्याव, तुझी बायल थंय ऱ्हवता आनी तुझ्या बांयचा पाणी भरून नेता. लोक बोलतत."

"बोलांदेत."

"आयतारी तुझ्याकडे जेवक कोण येवचो नाय. घरार एकदा देवीचा नाव पडला काय पुसाचा नाय. इतक्या वर्सांचा घर तुझा." भाईने आवाज खाली आणला. "देवी डाक्तराक सांगणां धाडलंय, तो लस टोचूक येतलो पुढल्या आठवड्यात. तवसर तिका घेवन ये आनी गप ऱ्हव."

बस्त्यावने मान हलवली. भाईचं म्हणणं बरोबर होतं. हेच वाक्य तो स्वतःशी चार दिवस घोकत होता.

तो मांगराकडे गेला तेव्हा डोक्यावर ऊन होतं. बायकोला काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. पहिलं वाक्य कडक होतं.

मांगरात कार्मेलीन नव्हती. तिची घागरही नव्हती. पाण्याला गेली असावी. कुडाच्या भिंतीला टेकून तुळसा पडली होती आणि तिचा श्वास भात्यासारखा वाजत होता. तिच्याकडे त्याला बघवेना. छप्पर पडलेल्या बाजूला, उन्हाच्या चौकोनात, केळीच्या पानावर कावेरी होती. सात-आठ वर्षांची पोर. डोळे सुजून मिटले होते, अंगावर बोट ठेवायला जागा नव्हती. ती हळूहळू, एका सुरात कण्हत होती.

बस्त्याव दारातच थबकला. वास आला तसं त्याने तोंड फिरवलं. परत फिरायचं म्हणून त्याने पाऊल उचललं, ते सुक्या पाचोळ्यावर वाजलं.

"बाबा?" पोर म्हणाली. "बाबा, ऊन लागता."

तिचा बाप जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. हे तिला कुणी सांगितलं नसावं.

तिला उचलून बाजूला ठेवणं एवढंच करायचं होतं, आणि तेवढ्याला बस्त्यावचे हात पुढे होईनात. मग तो दोन पावलं आत गेला आणि ऊन येत होतं त्या बाजूला उभा राहिला. त्याची सावली तिच्या तोंडावर आणि छातीवर पडली. कण्हणं थांबलं.

थोड्या वेळाने त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. सावली सरकली, आणि पोर पुन्हा कण्हायला लागली. तो पहिल्यासारखा उभा राहिला.

ऊन कलत होतं तसा तोही सरकत राहिला. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. जुळवून आणलेली वाक्यं एकेक करून डोक्यातून गेली. समोर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तो तिच्याकडे बघत होता. आणि बघता बघता त्याचे दोन्ही हात आपसूक एकमेकांत गुंतले, मिस्साला गुंततात तसे.

कार्मेलीन घागर घेऊन आली. तिने त्याला बघितलं, घागर खाली ठेवली.

"तुका एकटीक उचलूक जमाचा नाय," तो म्हणाला. "आधी चेडवाक घेतंय. मगे तुळसाक दोगांनी."

त्याने पोरीला पानासकट उचललं.

तुळसा नव्या घराच्या पुढच्या खोलीत दोन दिवस जगली. ती गेल्यावर बस्त्याव वाड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि हाका मारल्या. कुणी बाहेर आलं नाही. दुपारी खाडीच्या काठाला कुणीतरी लाकडं आणून टाकली आणि निघून गेलं. नवराबायकोने तिला चटईत घालून तिथवर नेलं. लाकडं रचून झाल्यावर बस्त्याव हातात पेटती चूड घेऊन अडला. पुढं काय म्हणतात ते त्याला येत नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून भाई गावकराचा आवाज आला. तो एकटाच, लांब, डोक्यावर पंचा घेऊन उभा होता. त्याने तिथूनच सांगितलं, कुठल्या बाजूने फिरायचं, कुठं आग द्यायची. मग तो स्वतः मोठ्याने मंत्र म्हणू लागला. त्याला तरी पुरते कुठं येत होते. मधे मधे अडत होता. बस्त्यावने चूड लावली.

जाळ चढल्यावर भाई म्हणाला, "तीस वर्सां घातलंस तू त्या घरात."

"ती वाया जावक नकोत म्हणानच तर," बस्त्याव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओसरीवर आला तेव्हा पायरीवर एक म्हातारा घोंगडीत गुंडाळून ठेवलेला होता. कुणी आणला, कधी आणला, समजलं नाही. उशाशी नारळ होता. त्याच्या पुढच्या दिवशी एक ओली बाळंतीण. मग दोघे भाऊ. आणणारं माणूस कधी दिसलं नाही. फक्त कुंपणाचं बेडं उघडं सापडायचं. घराला दार नव्हतंच, गोणपाटाचा पडदा होता. बस्त्याव पडदा बाजूला करायचा, आणि कोण आहे हे न बघता आधी खांद्याखाली हात घालायचा. मधल्या खोलीतलं ते सागवानी दार त्याने ठोकळ्यांवरून उतरवून जमिनीवर ठेवलं. दोघे भाऊ त्यावर झोपत होते.

देवी डॉक्टर आला नाही. बांद्याच्या दवाखान्यात लस संपली, असा निरोप आला.

म्हातारा गेला. बाळंतीण वाचेल असं वाटत होतं. कावेरीच्या खपल्या धरू लागल्या, एक डोळा उघडला, आणि त्या डोळ्याने तिने बस्त्यावला बराच वेळ न्याहाळलं. तो आपला बाप नाही हे तिला कळलं होतं. तरी तिने त्याच्या हातून पेज घेतली.

ठरलेल्या आयतारी पाद्रीबाब आले. तरुण होते, वसईकडचे, सावंतवाडीला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. गाडीवानाने बैलगाडी लांब वडाखाली थांबवली आणि तो पुढं यायला तयार होईना. पाद्रीबाब एकटेच चालत आले. बस्त्याव धुतलेला सदरा घालून पायरीवर उभा होता. मांडव नव्हता, जेवणाची पानं नव्हती.

पाद्रीबाबांनी गोणपाट उचललं आणि आत नजर जाताच ते उंबऱ्यावरच थांबले.

"हे कोण?"

"पावणे," बस्त्याव म्हणाला.

पाद्रीबाबांनी ओठ घट्ट मिटले. मग ते आत गेले. चटयांच्या मधून जपून पाय टाकत, पायघोळ झगा आवरत, ते भिंतींवर तीर्थ शिंपडत राहिले. त्यांची लॅटिन प्रार्थना घाईची होती, एकदोनदा शब्द चुकले. दोघा भावांपैकी थोरल्याने ते पाणी तोंडावर पडलं तसे ओठ चाटले. कोनाड्यात अजून खुरीस, येशूचा क्रूस, बसवला नव्हता. तिथं कार्मेलीनने धुतलेल्या चिंध्या वाळत घातल्या होत्या. पाद्रीबाबांनी त्यांच्यावरही तीर्थ शिंपडलं.

बाहेर आल्यावर त्यांनी मोठा श्वास घेतला. ते निघायच्या घाईत होते, आणि ते लपत नव्हतं.

"बेसांव दिया," म्हणून बस्त्याव आशीर्वादासाठी पायरीवर गुडघे टेकून वाकला. पाद्रीबाबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो हात तिथंच राहिला.

"तुला ताप आहे."

"चुलीकडे होतंय, पाद्रीबाब."

"कधीपासून?"

बस्त्याव उठायला गेला आणि कमरेवर हात ठेवून अर्ध्यातच थांबला. "परवाच्यान. कंबर दुकता."

पडद्यामागून कार्मेलीन बाहेर आली होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. काय बघायचं ते तिला माहीत होतं. ती आत वळली. आतून कावेरीला थोडी सरकायला सांगितल्याचा आवाज आला, आणि चटई झटकल्याचा.

बस्त्यावने धुतलेला सदरा काढला, नीट घडी घालून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि तो आत गेला.

पाद्रीबाब पायरीवर एकटेच राहिले. खाडीवरून वारा नव्हता. वडाखाली बैलांच्या घंटा वाजत होत्या. गाडीवान उभा राहून हात हलवत होता, लवकर चला म्हणून. त्यांनी बस्त्यावच्या कपाळाला लागलेला आपला हात बघितला, झग्याला पुसला, पुन्हा बघितला.

मग ते गाडीकडे गेले. गाडीवानाने बैलांच्या वेसणी धरल्या. पाद्रीबाबांनी गाडीतून आपली कातडी पिशवी उतरवून घेतली आणि सावंतवाडीच्या दवाखान्यात काय सांगायचं ते त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

गाडी रिकामीच गेली. पाद्रीबाब परत आले, ओसरीवर पिशवी ठेवली, झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि गोणपाट बाजूला केलं.

"बाई," ते म्हणाले, "पाणी कुठं तापवता?"