नावं संपेपर्यंत

बार्शीत एखाद्याला सिनेमातलं पार्श्वसंगीत सुचवलं, की ते त्याच्या मागे लागतं आणि शनिवारी दुपारी चारपासून पुढच्या शनिवारी चारपर्यंत वाजत राहतं. माणूस चालू लागला की वाजतं, बसला की हळू होतं, झोपला की थांबतं. सुचवणाऱ्याकडून मात्र ते आठवडाभर जातं. त्याने कॅसेट लावली तरी नुसती खरखर ऐकू येते. गावाला आता याची सवय झाली आहे. मंडईत कुठूनतरी व्हायोलिनं ऐकू आली की भाजीवाल्या मान वर न करता म्हणतात, "आल्या होनरावबाई," आणि कोथिंबिरीची जुडी बाजूला काढून ठेवतात.

कुमुदिनी होनराव म्हणजे पार्श्वसंगीत ऐकणाऱ्यांच्या मंडळाच्या जुन्या सभासद. मंडळात माणसं पाच. दर शनिवारी निंबाळकर सरांच्या माडीवर जमायचं आणि एकमेकांना आपापला ठेवा सुचवायचा. गाण्यांना तिथे मज्जाव आहे. गाणं काय, कुणालाही आवडतं. नायक जिना चढताना, पत्र फोडताना, किंवा काही न करता नुसता खिडकीत उभा असताना मागे जे वाजतं, ते या मंडळींना हवं असतं. त्यासाठी सिनेमा पाहिलेला असलाच पाहिजे असं नाही. न पाहिलेलाच बरा, असं त्यांचं मत, कारण मग संगीताला मोकळं रान मिळतं. कुमुदताईंना असे चाळीसेक सिनेमे पाठ होते, ज्यांचं एकही चित्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

थोडे घोटाळे होतात. एकदा नसीमाने, म्हणजे औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या, मंडळातल्या सर्वांत धाकट्या सभासदाने, त्यांना दरोड्याचं संगीत सुचवलं. आठवडाभर कुमुदताई दूध आणायला निघाल्या तरी गल्लीतली दारं धडाधड लागायची. पोस्टात गेल्या तर पोस्टमास्तर हात वर करून उभा राहिला. त्यांनी दोन आंतरदेशीय पत्रं मागितली आणि त्याने ती पैसे न मागता दिली.

पण नियम म्हणाल तर एकच. शेवटचं संगीत कुणाला द्यायचं नाही. सिनेमा संपून नावं वर सरकत असतात आणि लोक चपला शोधत असतात, तेव्हा जे वाजतं, ते. मागे गोविलकर म्हणून एक सभासद होते. त्यांना कुणीतरी अजाणता ते सुचवलं. तीन दिवस त्यांच्या घराच्या भिंतीवरून नावं चढत राहिली. मग नावं संपली, घरातले दिवे आपोआप लागले आणि खुर्चीत गोविलकर नव्हते. खुर्ची गरम होती. पोलिसांनी पंचनाम्यात तेवढंच लिहिलं.

कुमुदताईंचे यजमान वामनराव शिलाई मशीन दुरुस्त करतात. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण या गृहस्थाने बायकोकडून कधी एक सूर घेतला नव्हता. "संगीत म्हणजे कुणीतरी गायला पाहिजे की," ते म्हणायचे. "नुसतं वाजतंय आणि वाजतंय. बँडच्या मागं निदान नवरदेव तरी असतो." कुमुदताईंनी सुरुवातीची चारपाच वर्षं आग्रह केला आणि मग सोडून दिला. गाढवापुढे वाचली गीता, असं त्या माडीवर म्हणायच्या; घरी नाही.

त्या शनिवारी जेवणं झाल्यावर वामनराव बॉबिनला दोरा गुंडाळत बसले होते. दोरा गुंडाळून झाला तरी त्यांचा हात फिरतच होता.

"कुमुद, माझ्यामागं काहीच वाजत नाही बघ," ते म्हणाले.

"तुम्हालाच नको असतं."

"तू गल्लीत शिरलीस की तीन दारं उघडतात. मी आलो काय, गेलो काय, कुणाला पत्ता नसतो. काल पानपट्टीवर उभा होतो, तर एकजण माझ्या जागेवर येऊन उभा राहिला."

"शेजारी?"

"नाही. माझ्याच जागेवर. मी आत, तो वर. त्याचं पान खाऊन होईपर्यंत मला हलता आलं नाही." त्यांनी बॉबिन खाली ठेवली. "दे मला एखादं. चांगलं दे पण."

कुमुदताईंना इतका आनंद झाला की त्यांना काही सुचेना. मग एकच सुचलं. त्यांच्याकडे एक कॅसेट होती, कव्हर कधीच हरवलेलं. तिच्या दुसऱ्या बाजूला सात मिनिटांचा एक तुकडा होता. एकोणिसाव्या वर्षापासून त्या तो ऐकत होत्या. मंडळात सगळ्यांनी त्यावर माना डोलावल्या होत्या, पण त्यांनी तो कुणाला सुचवला नव्हता. आठवडाभर त्याच्याशिवाय राहायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी तो नवऱ्याला दिला.

चार वाजता वामनराव फाटकाबाहेर पडले. आधी एकच चेलो वाजला, खाली, जमिनीलगत. कोपऱ्यावर पोचेपर्यंत सगळी तंतुवाद्यं त्यात मिसळली होती. शेजारच्या रंजनाकाकूंनी दार उघडलं. समोरच्यांनी उघडलं. पानपट्टीवाला गल्ल्यावरून खाली उतरला. वामनराव काही कारण नसताना आणखी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, आणि तिसऱ्यांदा परतताना ते हसत होते. कुमुदताई फाटकाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

रविवारी सकाळी ते दाढी करत असताना आरशाखालच्या भिंतीच्या तळाशी पांढरी अक्षरं उगवली आणि सावकाश वर चढू लागली. डाव्या बाजूला लिहिलं होतं, 'वस्तरा धरायला शिकवला', आणि उजवीकडे, 'दत्तात्रय, थोरले बंधू'. ती छतात गेली. त्यांच्यामागून सायकल शिकवणारा हणमंत माळी निघाला.

"कुमुद, हे बघ काय छान!" वामनराव साबण लावलेल्या तोंडाने म्हणाले.

कुमुदताईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं. त्या चपला न घालताच निंबाळकर सरांकडे गेल्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "सिनेमा पाहिला होतात?"

"नाही. तुम्ही?"

"मी कुठला पाहतोय! आपल्यात कुणीच पाहिला नाही." सर चष्मा पुसत राहिले. "तरी मला वाटायचं, याला इतकं शांत का वाटतं ऐकताना. शेवटचंच असणार."

"परत घेता येईल?"

"शनिवारी चारला सुटेल. त्याआधी नाही."

"आणि नावं आधी संपली तर?"

"संपू द्यायची नाहीत. माणसाला जेवढ्यांचे उपकार आठवतात तेवढी नावं, असा हिशोब आहे. गोविलकर पडले चिक्कू. तीन दिवसांत आटोपलं त्यांचं." सरांनी चष्मा चढवला. "वामनराव कसे आहेत त्या बाबतीत?"

 चौतीस वर्षांत कुमुदताईंनी ते कधी तपासलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. आपली चूक आहे, हेही सांगितलं आणि रडल्या. वामनरावांनी तोंड पुसलं.

"म्हणजे शनिवारपर्यंत आठवत बसायचं?"

"हो."

"मग चहा टाक. बसूनच करू."

आणि काय सांगावं, माणूस सुटला! ज्याच्या तोंडून जेवताना चार शब्द निघायचे नाहीत, त्याला अख्खं गाव तोंडपाठ निघालं. पहिलं मशीन उघडायला देणारा शिंपी. ते बिघडवल्यावर न ओरडणारी शिंप्याची बायको. मोडलेला पाना जोडून देणारा लोहार. शाळेत पुढे बसून गणित दिसू देणारा बुटका मुलगा. वामनराव आठवायचे आणि भिंत लिहायची. कुमुदताई शेजारी बसून ऐकायच्या आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटायची, कारण यातलं निम्मंअधिक त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"सहा वर्षांचा होतो तेव्हा सोलापूर स्टेशनावर हरवलो होतो," ते मंगळवारी म्हणाले. "एका बाईनं मला तिच्या पेटीवर बसवलं. शेंगाची चटणी आणि भाकरी दिली."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू स्टेशनाचा विषय कधी काढला नाहीस."

"नाव काय त्यांचं?"

"विचारलं नाही की गं." ते कासावीस झाले. भिंतीने क्षणभर वाट पाहिली आणि मग लिहिलं, 'पेटीवर बसवून घेतलं', आणि उजवीकडे, 'एक बाई'. तेवढंही चाललं.

घर मात्र बदलत होतं. सोमवारी फरशीला उतार आला. हातातून सुटलेला कांदा घरंगळत समोरच्या भिंतीपर्यंत गेला. मंगळवारी खिडक्या भिंतीत गेल्या आणि भर दुपारी अंधार झाला. बुधवारी स्वयंपाकघराच्या दाराला जाड पडदा आला, आणि पडदा बाजूला केला तर मागे वीट. त्या दिवसापासून डबा रंजनाकाकू आणू लागल्या. त्या हातातली बॅटरी खाली धरून यायच्या, डबा द्यायच्या आणि भिंतीच्या आड येऊ नये म्हणून वाकून परत जायच्या.

बातमी पसरल्यावर लोकही येऊ लागले. "वामनराव, मी तुम्हाला एकदा छत्री दिलेली," कुणी अंधारातून म्हणायचं. वामनरावांना आठवलं तरच नाव चढायचं. वॉर्डातले एक पुढारी आपण होऊन आले आणि आपण यांचं पुष्कळ केलं असं म्हणाले. त्यांचं नाव कमरेइतकं चढलं आणि खाली पडलं. नसीमा खूप हसली. तिचं स्वतःचं नाव, 'डोळ्यांत थेंब घातले' याच्यासमोर, सरसर वर गेलं.

गुरुवार गेला. शुक्रवारी दोन नावांमधली जागा वाढली. शनिवारी सकाळी घरात दोन खुर्च्यांपुरतीच जागा राहिली होती. भिंती खुर्च्यांच्या बाजूंना टेकल्या होत्या, बाहेरच्या दारावर तांबडा दिवा होता, आणि माणसं यायची थांबली होती कारण उभं राहायला जागा नव्हती. वामनरावांनी लहानपणच्या म्हशीचं नाव घेतलं. तेही चढलं. दुपारी अडीचला त्यांना हाताच्या घड्याळाचा पट्टा बदलून देणारा माणूस आठवला, आणि त्यानंतर भिंत कोरी झाली. भिंतीवर नव्याने उगवलेल्या छोट्या दिव्यांची तार आतून लाल होऊ लागली.

"अहो, आठवा. अजून कुणीतरी," कुमुदताई म्हणाल्या.

"एकच राहिलंय."

"कोण?"

"तू."

कुमुदताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "माझं नको. माझं नाव आलं की संपलं सगळं."

त्यांनी हात बाजूला केला. "आणि तुझं न येता संपलं तर? मला नाही चालायचं ते. माझ्या तोंडून चौतीस वर्षांत आलं नाही, भिंतीवर तरी येऊ दे." मग ते भिंतीकडे वळले. "पण नाव नंतर येतं, कुमुद. आधी काय केलं ते येतं. तुझ्यापुढं काय लिहू?"

"लिहा, स्वयंपाक."

"नुसता स्वयंपाक?" ते चिडले. खरोखर चिडले. "लग्नात माझी चप्पल हरवली तेव्हा भावाच्या पायातली काढून आणून दिली." भिंतीच्या तळाशी ओळ उगवली. "डोळ्यांना पट्टी होती तेव्हा पंधरा दिवस गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये दोरा ओवला. आई गेली तेव्हा माझ्याशी काही बोलली नाही, नुसती शेजारी बसली." ओळीखाली ओळ येत होती, प्रत्येकीच्या शेवटी स्वल्पविराम, आणि उजवी बाजू रिकामी. "रोज भाकरीचा पापुद्रा आधी मला काढून दिला. माझ्या विनोदाला प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली."

"दोनदा नव्हते हसले."

भिंतीने लिहिलं, 'दोनदा सोडून'.

वामनराव बोलत राहिले. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. कुमुदताईंनी आपला हात त्यांच्या हातात दिला. मरणाची भीती वाटत होती आणि तरी त्या सुखात होत्या. हे दोन्ही एकाच वेळी असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संगीत सगळ्या वाद्यांनिशी एका सुरावर येऊन उभं राहिलं होतं आणि तिथून हलत नव्हतं.

चारला दहा मिनिटं असताना वामनरावांचा घसा बसला. त्यांना खोकला आला. ओळ थांबली. दिवे तांबड्याचे पिवळे झाले. कुमुदताईंना आधी त्यांचा कान दिसला, मग गाल, मग खांदा. उजवीकडच्या रिकाम्या जागेत, अगदी खाली, 'कु'चा वरचा भाग दिसू लागला.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.

वामनराव तांब्यातलं पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि कुमुदताईंकडे पाहिलं. त्यांनी ओठ उघडले. डावीकडे भिंतीच्या तळाशी 'आणि' उगवलं आणि एकटंच वर चढू लागलं.