धनलक्ष्मीची तरंगणारी राख

कोळशाची राख म्हणजे फेकून द्यायची चीज, असं आपल्याला वाटतं. पण चिंचोळी एमआयडीसीतला एक लहानसा कारखाना त्याच राखेवर चालायचा बघा. वीज केंद्रातली राख आणायची, हौदात ढवळायची. जड राख तळाला बसते आन वर तरंगते ती पोकळ मण्यांची साय. मणी तरी केवढे, रव्याच्या कणाहून बारीक. रंगात घालतात, हलक्या विटांत घालतात, लई मागणी. जुळे सोलापूरची धनलक्ष्मी तितं ही साय काढायची, वाळवायची, चाळायची. मणी इतके हलके, की एकदा एक बाई जवळ शिंकली तर अर्धं पोतं अक्कलकोटात जाऊन पडलं. खोटं वाटत असेल तर अक्कलकोटात विचारा.

तर पुण्याच्या रंगकंपनीचे साहेब माल बघायला आले होते. पसंत पडला तर कारखाना चालणार, न्हायतर टाळं, असं मालकानं सांगून टाकलेलं. धनलक्ष्मीनं सगळ्यात चोख माल बरणीत भरून घरी आणला. सकाळी थेट साहेबांच्या लॉजवर न्यायचा होता.

सकाळी बघते तर बरणी धुऊन पालथी घातलेली.

सासू सिद्धम्मा, धनलक्ष्मीची अत्ती, पूजा आटपून उठत होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नव्या ताटासारखे चकचकीत. धनलक्ष्मीनं पालथी बरणी उचलून धरली.

"अत्ती, बरणीतलं कुटं गेलं?"

"मठातली विभूती न्हवं का ती? लई मऊ हाय. डब्यातल्या विभूतीत मिसळली की."

शेजारच्या बसव्वालाबी चिमूटभर दिली होती म्हणे. बसव्वाच्या कपाळावर माशी बसायला गेली, ती घसरून थेट नाकावर आली.

धनलक्ष्मी भिंतीला टेकून खालीच बसली. तेवढा माल पुन्हा काढायला महिना जाणार, आन साहेब दुपारच्या गाडीनं परत. ती विभूती न्हाय, कोळशाची राख हाय, हे ऐकून सिद्धम्माला घाम फुटला. देवाला कोळसा लावला की गं, म्हणाली. पण सुनेचा चेहरा बघून तिनं विभूतीचा डबाच तिच्यापुढं आणून ठेवला.

मग धनलक्ष्मीच्या ध्यानात आलं, अरे, आपण रोज करतो काय?

तिनं कणकेची परात घेतली, पाणी ओतलं, डबा उपडा केला आन हातानं ढवळलं. विभूती तळाला बसली. वर मणी आले, दुधावर साय यावी तसे. तिनं ते गाळणीच्या फडक्यावर उचलले. खालचं विभूतीचं पाणी मोरीत ओतू नको, म्हणत सिद्धम्मानं ते बेलाच्या कुंडीत घातलं. मग गच्चीवर फडकं पसरलं. सोलापूरचं ऊन, पापड तळून निघतील असं. मणी उडू नयेत म्हणून सिद्धम्मा तोंडाला पदर लावून राखण करत होती. श्वाससुद्धा हप्त्या-हप्त्यानं घेतला.

लॉजवर साहेबांनी चिमूटभर माल पाण्याच्या ग्लासात टाकला. सगळा वर तरंगला, खाली पाणी काचेसारखं.

"एवढा साफ माल आजवर बघितला नाही. कुठं धुतला?"

"घरीच," धनलक्ष्मी म्हणाली.

साहेबांनी तितंच मालकाला फोन लावला. माल पसंत.

धनलक्ष्मी घरी आली, पण वर गेलीच न्हाय. ती जिन्यातच बसली. सिद्धम्मानं वरनं वाकून बघितलं.

"अत्ती, कारखाना चालणार."

सिद्धम्मा गुडघे धरत खाली आली आन सुनेला खेटून बसली. येणारे-जाणारे वाट मागत होते, पण दोघींपैकी कुणी लवकर उठलं न्हाय.