सत्तावीस नंबरची बाई

चंडीगडच्या आयटी पार्कात बसून मी परक्या देशांच्या परराष्ट्र धोरणाचे पेपर तपासते, यावर आमच्या कराडच्या माणसांचा अजून विश्वास बसत नाही. धाकटी बहीण चारुशीला तर फोनवर सरळ विचारते, "ताई, त्यांना त्यांच्या गावात कुणी मिळत नाही का गं?" मिळतात की. पण काम लांबच्या कंपनीकडे दिलं की ते निःपक्षपाती दिसतं म्हणे. श्रीराम, म्हणजे माझे यजमान, एअर फोर्समधून इथल्याच पोस्टिंगवर निवृत्त झाले, आम्ही मनीमाजऱ्यात फ्लॅट घेतला, आणि राज्यशास्त्राची माझी जुनी पदवी ट्रंकेतून बाहेर आली.

या वर्षी आमच्याकडे पश्चिमसागर संघाचं काम होतं. नऊ देश, एक बाजारपेठ, एक व्हिसा. समुद्रापलीकडे त्यांचे गरीब शेजारी. कागदोपत्री त्या प्रदेशाला ‘दक्षिण शेजार’ म्हणतात. या शेजाराशी कसं वागायचं याचं धोरण संघानं पाच वर्षांपूर्वी ठरवलं होतं आणि आता त्याचा आढावा घ्यायचा होता. प्रत्येक कलमापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका द्यायचा, शिफारशी लिहायच्या, आणि आधाराला पलीकडच्या साठ माणसांच्या मुलाखती जोडायच्या. मुलाखतींचं काम अनिकेतकडे. हा अमरावतीचा मुलगा कामाला वाघ आहे, आणि माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर त्याचा कायम डोळा. आढावा लिहायचा मी.

धोरण वाचता वाचता माझं डोकं फिरायला लागलं. शेजाऱ्याला बंदर बांधून दिलंय, क्रेन दिल्यात, सीमेवरच्या पहाऱ्याला नव्या बोटी दिल्यात. सगळे हिरवे ठिपके. पण ‘माणसामाणसांतला संपर्क’ या कलमाखाली पाच वर्षांत काय केलं, तर चित्रांची प्रदर्शनं भरवली! चित्रं समुद्र ओलांडून गेली. ती काढणाऱ्यांना मात्र उद्घाटनाला यायला व्हिसा मिळाला नाही.

या संघाचं दार मला बाहेरून चांगलं पाठ आहे. माझी मुलगी ओजस्विनी त्यांच्या राजधानीत असते. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. बाळंतपणाला मी जाऊ शकले नाही, कारण माझा व्हिसा दोनदा नाकारला. दोन्ही वेळा उत्तर एकच, अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही. नवरा इथे, घर इथे, नोकरी इथे, आणि मी म्हणे परत येणार नाही! ओजस्विनीच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलंय, देश सोडला तर पुन्हा आत घेतील याचा भरवसा नाही, म्हणून तिलाही येता येत नाही. नात मी फक्त फोनच्या काचेत पाहिली आहे. हे सगळं मी आमच्या प्रमुख जसलीन यांना काम घेण्याआधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अच्छा है जी, रिपोर्ट में फीलिंग आएगी."

मुलाखती वाचायला घेतल्या तर त्या सगळ्या इस्त्री केलेल्या. मासे पकडणारा माणूससुद्धा ‘पारदर्शकता’ आणि ‘सहभाग’ म्हणत होता. मला हसू आलं. भाषांतर करणाऱ्याची करामत असेल म्हणून मी पुढे गेले, आणि सत्तावीस नंबरला येऊन थांबले.

ती एक नर्स होती. मुलगा संघातल्या एका देशात, नातू झालाय, पण तिला व्हिसा मिळत नाही. ती म्हणत होती, "माझ्या मुलाच्या चपला मी दारात आतल्या तोंडानं ठेवते. तशा ठेवल्या की माणूस घरी परत येतं. रोज सकाळी पुसते. धूळ बसली की तो आणखी लांब गेल्यासारखा वाटतो."

मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. ओजस्विनीच्या चपला आमच्या दारात अशाच असतात, आतल्या तोंडानं. सासूबाईंनी लावून दिलेली सवय, श्रीराम लांबच्या तळावर असायचे तेव्हापासूनची. आणि जगाच्या त्या टोकाला, जिचं गावही मला नकाशात शोधावं लागलं असतं, ती बाई तेच करत होती! मला रडूच आलं.

संध्याकाळी हे श्रीरामना सांगितलं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "चपला? तिकडेही?"

"का? तिकडे आया नसतात?"

"आया असतात गं. पण आतल्या तोंडानं ठेवायचं हे आमच्या आईचं खूळ होतं. आमच्या शेजारणीसुद्धा हसायच्या तिला."

मला त्यांचा असा राग आला की मी त्यांना चहाही विचारला नाही. माणसाला काही म्हणून भिडत नाही का? दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्या संपर्काच्या कलमाला लाल ठिपका दिला आणि अकरावी शिफारस लिहिली. शेजारी प्रदेशातल्या आई-वडिलांना वर्षातून एकदा मुलांना भेटायचा व्हिसा विनाअडथळा मिळावा. खाली सत्तावीस नंबरचे शब्द जसेच्या तसे टाकले. आज शेजाऱ्याच्या आईला मिळाला तर उद्या माझाही अर्ज कुणीतरी नीट वाचेल, असं मनात होतंच. खोटं कशाला बोलू.

अहवाल गेला. त्यानंतरच्या बुधवारी कँटीनमध्ये मी अनिकेतला म्हटलं, "सत्तावीस नंबरच्या बाईंशी दोन मिनिटं बोलायचंय रे. नंबर दे आणि दुभाषा बघ."

त्याचा चमचा राजमा-चावलात तसाच राहिला. "मॅडम, ते जरा अवघड आहे."

"वारल्या का?"

"नाही नाही, वारल्या नाहीत. म्हणजे... यार, कसं सांगू. त्या जन्मल्याच नाहीत."

मला आधी कळेचना. मग तो मान खाली घालून बोलत गेला. तिकडे फोन लागत नव्हते, त्या भाषेचे दुभाषे मिळत नव्हते, मुदत संपत आली होती. जसलीन म्हणाल्या, आजकाल सगळे ‘प्रातिनिधिक आवाज’ वापरतात. मशीनला आकडेवारी द्यायची, वय, धंदा, गाव सांगायचं, मशीन माणूस तयार करतं आणि त्याची मुलाखतही देतं.

"साठही?" मी विचारलं.

"साठही."

"पक्का?"

"पक्का, मॅडम."

ज्या बाईसाठी मी रडले, जिच्यासाठी नवऱ्याशी भांडले, ती कुणीच नव्हती. आणि मग एकदम दुसरीच गोष्ट डोक्यात आली. "अनिकेत, आणि चपला? त्या कुठल्या आकडेवारीत होत्या?"

त्यानं चमचा ताटात ठेवला. "मी प्रोजेक्टचं सगळं फोल्डर मशीनला दिलं होतं. त्यात आपल्या सोमवारच्या मीटिंगा पण होत्या. मला वाटलं सगळं कामाचंच आहे. शपथ, मुद्दाम नाही केलं."

आमच्या मीटिंगा संगणक आपोआप लिहून घेतो. जसलीन नेहमी उशिरा येतात आणि तोवर आम्ही गप्पा मारतो. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं भाडं वाढलं, आणि माझं आपलं ओजस्विनी, तिची मुलगी, व्हिसा, चपला. ते सगळं शब्दशः लिहिलं जात होतं. मशीनला घरचं कुठलं आणि कामाचं कुठलं काय कळणार? त्यानं माझ्या मुलीचा मुलगा केला, माझी नर्स केली आणि मला समुद्राकाठी नेऊन बसवलं. मी माझ्याच शब्दांवर रडले होते! या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

जसलीनकडे गेले, ओरडलेसुद्धा. त्या शांतपणे म्हणाल्या, "सुमेधा जी, पॉलिसी में तो आपकी बात आ गई ना? फिर?" मी तशीच जागेवर परत आले, कारण शिफारस मला हवीच होती.

शुक्रवारी दुपारी संघाच्या लोकांबरोबर व्हिडिओवर अखेरची बैठक झाली. विभागप्रमुख पांढऱ्या दाढीचे, सज्जन चेहऱ्याचे गृहस्थ होते. इंग्रजीत, अगदी हळुवारपणे ते म्हणाले, "तुमची अकरावी शिफारस आम्ही नऊही देशांच्या प्रतिनिधींना वाचून दाखवली. त्या चपलांपाशी सभागृह गप्प झालं. आमच्या वार्षिक परिषदेत या बाईंनी स्वतः बोलावं असं आम्हाला वाटतं. नाव आणि पासपोर्ट पाठवा. व्हिसा त्याच दिवशी देऊ. त्यांच्या मुलाची भेटही घडवू."

त्याच दिवशी! मी दोनदा फाइल भरून दिली, बँकेचे कागद, नवऱ्याच्या पेन्शनचे कागद, घराचे कागद. आणि न जन्मलेल्या बाईला त्याच दिवशी.

स्क्रीनच्या कोपऱ्यात जसलीनचा निरोप आला. ‘कोई भी नाम दे दो. बाद में बीमार बता देंगे.’ शेजारी बसलेला अनिकेत माझ्याकडे बघत होता.

मी माइक सुरू केला. "ती बाई मी आहे," मी म्हटलं. "माझं नाव सुमेधा. मी नर्स नाही, तुमच्या शेजारची नाही. मी चंडीगडला राहते. चपला माझ्या मुलीच्या आहेत आणि ती तुमच्या ऑफिसपासून ट्रामनं जाण्याच्या अंतरावर राहते. माझा व्हिसा तुम्ही दोनदा नाकारलाय. बाकीची एकोणसाठ माणसं मशीननं तयार केली आहेत. त्यांच्यातलं कुणीही कधी श्वास घेतलेला नाही."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी टेबल घट्ट धरून बसले. नोकरी जाईल, अहवाल जाईल, कंपनीचं नाव जाईल. जसलीननी डोकं हातात धरलं होतं. पलीकडे गृहस्थांनी आवाज बंद केला आणि बाजूच्या बाईशी काहीतरी बोलले. ती कसलीशी नियमावली चाळत होती. मग त्यांचा आवाज परत आला, तसाच हळुवार.

"आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. प्रातिनिधिक आवाज आमच्या नियमांत बसतात, त्यामुळे त्या एकोणसाठ मुलाखतींना हरकत नाही. अडचण फक्त सत्तावीस नंबरची आहे. तो आवाज खऱ्या व्यक्तीचा आहे, आणि ती व्यक्ती शेजारी प्रदेशातली नाही. तेवढी मुलाखत आणि तिच्यावर आधारलेली शिफारस काढून टाका. बाकी अहवाल उत्तम आहे, मंजूर समजा." जाता जाता ते म्हणाले, "व्हिसाबद्दल वाईट वाटलं. पुन्हा अर्ज करून पाहा."

स्क्रीन काळी झाली. मग अनिकेतनं फाइल उघडली, माझं पान काढलं, आणि नंबर मोडू नये म्हणून अठ्ठाविसाव्या माणसाला सत्तावीस केलं. तोही एक मासे पकडणारा होता, पारदर्शकता मागणारा. लाल ठिपक्याखाली आता आधार उरला नव्हता, म्हणून जसलीनच्या सांगण्यावरून तो पिवळा झाला.

घरी पोचले तेव्हा श्रीराम दार उघडायला आले. मी चपला काढताना ओजस्विनीच्या चपलांकडे पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. ते घाबरले. "काय झालं गं? काय झालं?"

"माझा व्हिसा आज तिसऱ्यांदा नाकारला," मी म्हटलं. "या वेळी मी अर्जही केला नव्हता."