सरक जरा, मी लिहितो

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. शुद्ध भाषेत मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. माझ्या अंगावर सगळी अक्षरे आहेत, तरी माझे स्वतःचे असे एक वाक्यही नाही. त्यामुळे ही हकिकत मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. सांगून पाहतो.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. एका बाईने माझ्या सगळ्या कळा भराभर दाबून पाहिल्या आणि मला खोक्यात घातले. तिथून मी छापखान्यात गेलो. छापखान्याने नवे कीबोर्ड घेतले, तेव्हा तिथल्या एका मुद्रितशोधक साहेबांनी मला काखोटीला मारून घरी आणले. दुसऱ्यांच्या चुका काढणे हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा. घरातल्या औषधाच्या बाटलीवरची चूकही ते पेन्सिलीने सुधारून ठेवत.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, परिचारिका होत्या. लहानशा दवाखान्यात त्यांची कायमची रात्रपाळी. मोठ्या रुग्णालयात मुलांच्या विभागात दिवसाची जागा निघाली होती आणि ती त्यांना मनापासून हवी होती. पण तिथे येणारे आईबाप दुसरी भाषा बोलत. ती भाषा येते, हे दाखवणारी परीक्षा द्यायची होती. म्हणून बाईंनी ऑनलाइन वर्गात नाव घातले.

या वर्गाची रीत मला फार आवडे. दोन शिकणाऱ्यांची जोडी लावायची. दोघांच्या पडद्यावर जवळजवळ सारखेच चित्र असायचे, पण थोडा फरक ठेवलेला. एकमेकांना त्या नव्या भाषेत लिहून विचारायचे आणि फरक शोधायचे. बाईंचा जोडीदार कुठल्याशा दूरच्या गावचा ट्रकड्रायव्हर होता.

बाई एकाच बोटाने लिहीत. थंड पाण्यात पाय घालून पाहावा, तसे ते बोट माझ्यावर यायचे. चुका दोघांच्याही व्हायच्या. ‘माझ्या चित्रात मांजर झोप,’ असे काहीतरी ड्रायव्हर लिहायचा. ‘माझ्यात कुत्रा झोप,’ असे बाई कळवत आणि एकट्याच हसत.

“यंत्राशी काय हसतेस गं?” सासूबाई विचारत.

“यंत्राशी नाही हो आई, ड्रायव्हरशी.”

“मग तर बरंच झालं,” म्हणून सासूबाई पुन्हा शेंगा सोलू लागत.

एके दिवशी साहेब मागे येऊन उभे राहिले. ती भाषा त्यांना उत्तम येत होती. थोडा वेळ त्यांनी सोसले. मग म्हणाले, “अगं, असं नाही. किती दमलीयेस तू. सरक जरा, मी लिहितो.”

त्यात प्रेमच होते, मित्रांनो. त्यांची दहा बोटे माझ्यावरून पावसासारखी धावली. पैकीच्या पैकी गुण आले. शिक्षिकेने शाबासकी लिहून पाठवली आणि साहेबांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. मग तसेच होत गेले. साहेब लिहीत आणि बाई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत.

“नोकरी हिला लागणार की तुला?” सासूबाई मुलाला म्हणाल्या. “एकदाचं ठरवा, म्हणजे डबा कोणाचा भरायचा ते मला कळेल.”

सगळे हसले. बोटे कोणाची, हे मला स्पर्शाने कळत होते. पण सांगायला तोंड कुठे होते?

एक दिवस ड्रायव्हरने लिहिले, ‘तुम्ही आता फार चांगले लिहिता. मला लाज वाटते. मी दुसरा जोडीदार मागतो.’ साहेबांनी त्याला निर्दोष भाषेत शुभेच्छा दिल्या.

“अहो, त्याला जाऊ कशाला दिलंत?” बाई म्हणाल्या.

“तो तुला मागे ओढत होता गं.”

परीक्षा केंद्रावर होती. तिथले कीबोर्ड वेगळे. बाई परत आल्या, त्या थेट सासूबाईंजवळ जाऊन बसल्या.

“परीक्षेत एक बाप लिहून विचारत होता, आई. मुलाला ताप आहे, काय करू? मला उत्तर येत होतं. औषधाचं नावसुद्धा येत होतं. पण बोटच पुढे जाईना. मी मागे वळून बघितलं, तर मागे कोणीच नव्हतं.”

जागा दुसरीला मिळाली. साहेब दोन घास खाऊन उठले. “यापुढे मी हात लावणार नाही,” एवढेच म्हणाले.

काही दिवसांनी पडद्यावर ड्रायव्हरचा निरोप उमटला. ‘मी नापास. तुम्ही?’

बाई खुर्चीत बसल्या. ते एक बोट माझ्यावर आले आणि मागे गेले. साहेब पाठीमागे हात बांधून लांब उभे होते. खरोखर उभे होते. बाईच उठल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“तुम्हीच लिहा. माझं चुकेल.”

“चुकू दे. तू लिही.”

“नको. तो वाट बघतोय.”

रिकाम्या खुर्चीसमोर मी पडून होतो. माझ्या सगळ्या कळा शाबूत होत्या आणि त्यांतली एकही मला स्वतःहून दाबता येत नव्हती. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या शेजारी कोणी अडखळत, चुकत लिहीत असेल, तर कृपा करून थांबा. तुमचे हात त्या पहिल्याच दिवशी मागे ठेवा. नंतर ठेवून उपयोग होतो की नाही, ते मला अजून समजलेले नाही.