द्राक्षबागेत टांगलेले सिनेमे

पंचवटीतल्या घरात सिनेमांचं कपाट रिकामं दिसलं, तसा शेखर थेट मळ्यावर पोचला. पाखरं हुसकायला वडिलांनी सगळ्या डीव्हीडी द्राक्षबागेत टांगल्या होत्या.

"मोबाईलवर दिसतात ना सगळे पिच्चर," ते म्हणाले.

"एक नाही दिसत, दादा. गोदाघाटावरच्या गर्दीत आई आहे त्यात."

आईचं हलतं चित्र दुसरं कुठलंच नव्हतं. दादा ओळीओळीनं शोधू लागले. डीव्हीडी सापडली, पण तारेला घासून तिच्यावर ओरखडे पडले होते.

घरी दोघं टीव्हीपुढे बसले. घाट आला, गर्दी आली, आणि चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा घाट मागे पडला होता.

"होती का?" दादांनी विचारलं.

"होती," शेखर म्हणाला. "हिरव्या साडीत."